विपणनाची पदवी आणि कळमन्याचा बाजार

प्रतिनिधी, नागपूर

विपणन म्हणजे विक्री, विक्री म्हणजे बोलण्याची हातोटी आणि ती ज्याच्या अंगी आहे त्याला पदवीची गरज नाही, असा एक समज विदर्भातील अनेक घरांत आढळतो. दुसरा समज याच्या अगदी उलट आहे. विपणनाची पदवी मिळाली की मोठ्या कंपनीतील नोकरी आपोआप चालून येते, असे मानणारे पालकही कमी नाहीत. या दोन्ही समजांमुळे बारावीनंतरची निवड घाईने होते आणि तीन वर्षांनी पदवी हाती येते तेव्हा आपण नेमके काय शिकलो, हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही.

पदवी पातळीवरील विपणनाचा अभ्यास प्रत्यक्षात काय आहे, त्याच्या वाटा कोणत्या आणि त्यात कोणते कौशल्य मिळते, हे समजून घेण्यासाठी नागपूरच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. शहराच्या पूर्व भागातील कळमना येथे नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचे पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड आहे. धान्य, मिरची, कांदे-बटाटे, भाजीपाला, फळे आणि विशेषतः संत्री यांचे व्यवहार तेथे होतात. पाठ्यपुस्तकातील जवळजवळ प्रत्येक संज्ञा या आवारात चालती-बोलती पाहता येते. मात्र महाविद्यालयाचा वर्ग आणि हे आवार यांची गाठ क्वचितच पडते. ती पडावी, यातच या पदवीचे खरे मोल आहे.

पणन की विपणन?

मराठीत या विषयाला दोन शब्द आहेत. विद्यापीठाच्या पुस्तकांत ‘विपणन’ हा शब्द येतो, तर शासनाच्या व्यवहारात ‘पणन’ हा शब्द रूढ आहे. दोन्हींचे मूळ ‘पण’ या संस्कृत धातूत, म्हणजे सौदा करणे, देवघेव करणे या अर्थात आहे. विकावयाच्या वस्तूला ‘पण्य’ आणि बाजारपेठेला ‘विपणी’ म्हणतात, तेही याच कुळातील शब्द.

शब्द एकाच घरातले असले तरी व्यवहारात त्यांची फारकत झाली आहे. ‘विपणन’ म्हटले की साबण, शीतपेय, मोटारगाडी आणि जाहिरात डोळ्यांपुढे येते. ‘पणन’ म्हटले की बाजार समिती, अडत्या, हमीभाव आणि गोदाम आठवते. पहिला विषय वाणिज्य आणि व्यवस्थापन महाविद्यालयांत शिकविला जातो, दुसरा कृषी महाविद्यालयांत. विदर्भातील विद्यार्थ्याला बहुधा दोन्हींची गरज पडते. त्याच्या घरी माल पिकतो किंवा त्याच्या घरी मालाचा व्यापार होतो. आणि तोच माल पुढे पाकिटात, नावानिशी आणि जाहिरातीसह दुकानात येतो.

विषयाचा उगम शेतमालात

विपणन हा विषय कारखानदारीतून आला, असे सामान्यतः समजले जाते. इतिहास थोडा वेगळा आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९०२ मध्ये मालाच्या वितरणावर स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. तो या विषयाच्या विद्यापीठीय अध्यापनाचा आरंभ मानला जातो. त्यानंतर काही वर्षांनी मिनेसोटा विद्यापीठातील एल. डी. एच. वेल्ड या अध्यापकाने लोणी आणि अंडी यांच्या मालाचा गावातील व्यापाऱ्यापासून अडत्या, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार यांच्यापर्यंत मागोवा घेतला. मधली माणसे कोणते काम करतात आणि त्यासाठी किती घेतात, हा त्याचा प्रश्न होता. शेतमालाच्या विपणनावरील त्याचे पुस्तक १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आज कळमन्यात एखादा विद्यार्थी संत्र्याच्या ढिगाजवळ उभा राहून हाच प्रश्न विचारील, तर तो विषयाच्या उगमाशीच उभा असेल.

वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसार या चार घटकांची सुप्रसिद्ध मांडणी बरीच नंतरची आहे. जेरोम मॅकार्थी यांनी ती १९६० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात केली. त्याच वर्षी थिओडोर लेव्हिट यांनी, उद्योग आपल्या वस्तूकडे पाहत बसतात आणि ग्राहकाची गरज विसरतात, हा मुद्दा मांडला. फिलिप कोटलर यांचे विपणन व्यवस्थापनावरील पाठ्यपुस्तक १९६७ मध्ये आले आणि जगभरच्या वर्गांत पोहोचले.

भारतात वाणिज्य शिक्षणाचा पाया मुंबईत १९१३ मध्ये स्थापन झालेल्या सिडनहॅम महाविद्यालयाने घातला. बाजाराच्या नियमनाचा इतिहास मात्र वऱ्हाडात त्याहून जुना आहे. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. तो देशातील पहिला मानला जातो. वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ मध्ये कायदा झाला. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ मधील अहवालात देशभर नियंत्रित बाजारांची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६३ मध्ये कृषी उत्पन्न बाजार समितीचा कायदा केला. कळमन्याचे आवार या परंपरेतील आहे.

पदवीच्या वाटा

बारावीनंतर विपणन शिकण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग बी.कॉम.चा. अकरावी-बारावीत वाणिज्य घेतलेल्या विद्यार्थ्याने ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ या विषयात विपणनाची तोंडओळख करून घेतलेली असते. बी.कॉम.मध्ये लेखाकर्म, अर्थशास्त्र, व्यापारी कायदे, सांख्यिकी यांच्या जोडीने विपणन येते. हा अभ्यास रुंद आहे. विपणनाची खोली त्यात कमी असते. मात्र हिशेब वाचण्याची सवय लागते आणि ती पुढे फार उपयोगी पडते. प्रवेश प्रामुख्याने बारावीच्या गुणांवर होतो, शुल्क तुलनेने कमी असते आणि मराठी माध्यमाची सोय असलेली महाविद्यालयेही उपलब्ध आहेत.

दुसरा मार्ग बी.बी.ए. किंवा बी.एम.एस. या व्यवस्थापन पदव्यांचा. यांत पहिल्या वर्षी व्यवस्थापनाची मूलतत्त्वे असतात आणि पुढे विपणन, वित्त, मनुष्यबळ यांपैकी विशेष विषय निवडता येतो. ग्राहक वर्तन, विक्री व्यवस्थापन, जाहिरात, सेवा विपणन, बाजार संशोधन, डिजिटल विपणन असे स्वतंत्र विषय याच मार्गावर भेटतात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. त्यामुळे महाराष्ट्रात राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाने २०२४ मध्ये त्यांच्यासाठी प्रथमच प्रवेश परीक्षा घेतली. इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्यज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती यांवर ही परीक्षा आधारलेली आहे. पहिल्या वर्षी अनेक विद्यार्थ्यांना तिची माहितीच वेळेवर मिळाली नाही आणि अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. बारावीच्या वर्षातच अर्जाच्या तारखांकडे लक्ष ठेवणे, हा त्यातून घेण्यासारखा धडा होय.

तिसरा मार्ग कृषी पदवीचा. चार वर्षांच्या बी.एस्सी. (कृषी) ऑनर्स अभ्यासक्रमात कृषी विपणन, व्यापार आणि किमती या विषयाचा समावेश आहे. कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची स्वतंत्र पदवीही राज्यात आहे. हे प्रवेश विज्ञान शाखेतून, राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे होतात. नागपुरातील कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचे असून ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अंतर्गत आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या पदव्यांची रचना बदलली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, असे बाहेर पडण्याचे टप्पे आहेत. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२, तर चार वर्षांच्या पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांक ठरविण्यात आले आहेत. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक मिळतात. शेवटच्या दोन गोष्टी कळमन्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पूर्वी बाजारभेट ही सहल मानली जात असे. आता ती गुणपत्रिकेत मोजली जाऊ शकते.

वर्गात शिकविले जाणारे चार शब्द

विपणन मूल्य निर्माण करते, असे पाठ्यपुस्तके सांगतात आणि त्यासाठी चार प्रकारच्या उपयोगिता मांडतात. हे चारही प्रकार नागपुरात डोळ्यांनी पाहता येतात.

स्थळ उपयोगिता म्हणजे माल जेथे हवा तेथे पोहोचविणे. काटोल, नरखेड किंवा वरूडच्या बागेतील संत्रा झाडाखाली पडून राहिला तर त्याचे मूल्य शून्य. ट्रकने दिल्लीला गेला की ते वाढते. काळ उपयोगिता म्हणजे माल जेव्हा हवा तेव्हा उपलब्ध करणे. वाळलेली मिरची शीतगृहात ठेवली जाते, तेव्हा तिचा रंग टिकतो आणि हंगाम संपल्यावरही ती विकता येते. शीतगृहाचे भाडे ही या उपयोगितेची किंमत होय. रूप उपयोगिता म्हणजे मालाचे रूप बदलणे. नागपूरची संत्रा बर्फी हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. स्वामित्व उपयोगिता म्हणजे मालकी एका हातून दुसऱ्या हाती जाणे. लिलावात अखेरची बोली लागते आणि सौदापट्टी लिहिली जाते, त्या क्षणी ही उपयोगिता निर्माण होते.

या चार शब्दांमुळे एक जुना वाद नीट मांडता येतो. मधला माणूस काहीच करत नाही, असे म्हणणे चूक आहे आणि तो जे घेतो ते सर्व योग्यच आहे, असे म्हणणेही चूक आहे. त्याने चारपैकी कोणती उपयोगिता निर्माण केली, त्यासाठी किती खर्च आणि किती जोखीम पत्करली आणि त्या बदल्यात किती घेतले, हे पाहावे लागते. पदवीधराकडून अपेक्षित असलेली दृष्टी हीच.

कळमन्यात काय पाहावे

बाजार पहाटेपासून जागा असतो. पहिली पाहण्यासारखी गोष्ट आवक. कोणता माल किती आला, यावर त्या दिवसाचा भाव बराचसा ठरतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील मागणी-पुरवठ्याची आकृती येथे गाड्यांच्या रांगेत दिसते.

दुसरी गोष्ट प्रतवारी. एकाच बागेतील फळाचे आकार, रंग, डाग आणि पक्वता यांनुसार वेगवेगळे भाव होतात. मिरचीत रंग, ओलावा आणि देठ पाहिले जातात. प्रतवारी नसेल तर चांगल्या मालाला वाईट मालाच्या भावाने जावे लागते. भारतात कृषी मालाच्या प्रतवारीचा कायदा १९३७ चा असून ‘ॲगमार्क’ ही खूण त्यातूनच आली. तिची मध्यवर्ती प्रयोगशाळा नागपुरातच आहे, ही बाब विपणनाच्या अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट भाव ठरण्याची रीत. जुन्या काळी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत अनेक बाजारांत होती. शेतकऱ्याला आपल्या मालाला कोणी किती देऊ केले, हे कळतच नसे. खुला लिलाव, म्हणजे वैदर्भी बोलीतील हर्रास, हा त्यावरचा उपाय. बोली मोठ्याने लागते, म्हणून भाव सर्वांना कळतो. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक बाजाराचा हेतूही हाच आहे. महाराष्ट्रातील शंभराहून अधिक बाजार समित्या त्याला जोडल्या गेल्या आहेत. तंत्र बदलले तरी प्रश्न तोच राहतो. बोली लावणारे किती आहेत आणि ते खरोखर परस्परांशी स्पर्धा करतात काय?

चौथी गोष्ट हिशेबाचा कागद. सौदापट्टीत मालाचे वजन, भाव, एकूण रक्कम आणि कपाती असतात. हमाली, तोलाई, वाहतूक, आगाऊ घेतलेली उचल अशा नोंदी वाचता आल्या, तर वितरण खर्च हा पाठ समजला, असे म्हणता येईल. राज्याने २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल केला. कायद्यातील एका वाक्याने खर्चाचा भार कोणाकडून कोणाकडे सरकतो आणि तो पुढे भावात परत येतो काय, हे तपासण्यासारखे आहे.

पाचवी गोष्ट माणसे. अडत्या, खरेदीदार, मापारी, हमाल, वाहनचालक, दिवाणजी या प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. वितरणसाखळीच्या आकृतीत बाण काढणे सोपे असते. त्या प्रत्येक बाणाच्या जागी कोणाच्या तरी पाठीवर पोते असते.

संत्रा: एक पूर्ण धडा

चार घटकांची मांडणी एकाच वस्तूवर लावून पाहायची असेल, तर नागपुरी संत्र्यासारखे उदाहरण नाही.

वस्तू म्हणून पाहता संत्र्याचे गुण आणि अडचणी एकत्रच येतात. साल सैल असल्याने फळ हाताने सहज सोलता येते, ग्राहकाला ते आवडते. पण याच कारणाने ते वाहतुकीत लवकर दुखावते. आंबट-गोड चव ही त्याची ओळख. पण रस काढून ठेवला की कडवटपणा येतो, म्हणून प्रक्रियेला मर्यादा पडतात. बिया असल्याने काही ग्राहक दुसऱ्या फळाकडे वळतात. अशा प्रश्नांवर नागपुरातील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत काम चालते.

किमतीच्या दृष्टीने हंगाम महत्त्वाचा. आंबिया बहराची फळे साधारणतः सप्टेंबर ते डिसेंबर या काळात येतात, तर मृग बहराची फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. आंबियाचा हंगाम संपत येतो तेव्हा उत्तरेकडील बाजारांत पंजाबचा किन्नो उतरतो आणि स्पर्धा सुरू होते. कळमन्यात संत्र्याचा भाव टनावर बोलला जातो. किरकोळ ग्राहक तो किलोवर किंवा डझनावर देतो. एकाच फळाच्या भावाची एकके अशी बदलत जातात आणि त्यांची तुलना करणे हे विद्यार्थ्याचे पहिले गणित ठरते.

वितरणाची अडचण सीमेपलीकडेही आहे. बांगलादेश हा विदर्भातील संत्र्याचा मोठा ग्राहक होता. त्या देशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढविले, तशी निर्यात आक्रसली आणि तो माल देशांतर्गत बाजारात राहून भावावर दबाव आला. एकाच परदेशी बाजारावर विसंबून राहण्याची जोखीम कोणत्याही पुस्तकापेक्षा या घटनेने अधिक स्पष्ट केली.

प्रसाराच्या बाबतीत ‘नागपुरी’ हे नावच मोठी मत्ता आहे. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भिवापूरच्या मिरचीलाही असे मानांकन आहे. पण मानांकन म्हणजे बोधचिन्ह छापण्याचा परवाना नव्हे. ग्राहकाने ते चिन्ह ओळखले पाहिजे, त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला तयार झाले पाहिजे आणि ते पैसे बागेपर्यंत पोहोचले पाहिजेत. यांतील एकही पायरी आपोआप होत नाही. विपणनाच्या पदवीधराला येथे काम आहे.

ग्राहकाच्या रुपयातील वाटा

या विषयात शेवटी पणाला लागते ते शेतकऱ्याच्या हाती येणारे उत्पन्न. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांनुसार ग्राहकाने दिलेल्या एका रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ टक्के, कांद्यात ३६ टक्के आणि बटाट्यात ३७ टक्के आहे.

हा वाटा कसा काढतात, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, संत्रा टनाला २५ हजार रुपये, म्हणजे किलोला २५ रुपये भावाने विकला गेला. वाहतुकीपोटी दोन रुपये आणि हमाली-तोलाईपोटी पन्नास पैसे गेले. शेतकऱ्याच्या हाती साडेबावीस रुपये आले. किरकोळ दुकानात तोच संत्रा साठ रुपये किलोने विकला गेला. शेतकऱ्याचा वाटा साडेसदतीस टक्के झाला.

येथे अनेकांचा हिशेब थांबतो. परंतु शंभर किलोपैकी दहा किलो फळ वाटेत आणि दुकानात खराब झाले असेल, तर विक्री नव्वद किलोचीच होते. खरेदी केलेल्या प्रत्येक किलोमागे दुकानदाराला साठ नव्हे, चोपन्न रुपये मिळतात आणि त्या आधारे शेतकऱ्याचा वाटा सुमारे ४२ टक्के होतो. उरलेली रक्कम सगळी नफा नव्हे. तिच्यात भाडे, मजुरी, बांधणी आणि भांडवलावरचे व्याजही आहे. नासाडी कमी केली, तर कोणाचाही वाटा न हिरावता शेतकरी आणि ग्राहक दोघांचा लाभ होऊ शकतो. अर्थात तो लाभ कोणाकडे जाईल, हे सौदा करण्याच्या शक्तीवर ठरते.

ही शक्ती वाढविण्याचे काही मार्ग आहेत. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. भाव पडलेले असताना माल न विकता गोदामात ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचे, अशी तिची रचना आहे. सोयाबीन, तूर, हरभरा अशा टिकाऊ मालाला ती लागू पडते, संत्र्याला नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या हा दुसरा मार्ग. अनेकांनी मिळून माल गोळा करायचा, प्रतवारी करायची आणि मोठ्या खरेदीदाराशी बोलायचे. अशा कंपन्यांना खाते ठेवणारा, करार वाचणारा आणि बाजार शोधणारा माणूस हवा असतो.

प्रकल्प कसा करावा

क्षेत्रीय प्रकल्पासाठी विषय लहान आणि मोजता येणारा असावा. ‘कृषी विपणनाच्या समस्या’ असा विषय घेतला तर जुन्या पुस्तकांची नक्कल होते. त्याऐवजी एका मालाची एका महिन्याची आवक आणि भाव, प्रतवारी केलेल्या व न केलेल्या मालाच्या भावातील फरक, किंवा कळमन्यातील घाऊक भाव आणि आपल्या मोहल्ल्यातील किरकोळ भाव यांतील अंतर असे विषय घ्यावेत.

आकडे मिळविणे अवघड नाही. राज्य कृषी पणन मंडळ आणि केंद्राचे ‘ॲगमार्कनेट’ हे संकेतस्थळ बाजारवार आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव देतात. मात्र ‘सर्वसाधारण भाव’ हा प्रत्येक शेतकऱ्याला मिळालेला भाव नसतो, हे लक्षात घ्यावे. म्हणून संकेतस्थळावरील आकडा आणि आवारात पाहिलेला सौदा यांची तुलना करावी. महाविद्यालयाचे पत्र घेऊन बाजार समितीच्या कार्यालयात आधी कल्पना द्यावी. लिलाव चालू असताना प्रश्न विचारू नयेत. सौदे संपल्यावर माणसे मोकळेपणाने बोलतात. कोणाची पट्टी पाहिली तर नाव व रक्कम त्याच्या संमतीशिवाय अहवालात लिहू नये. संशोधनाची ही शिस्त पदवी पातळीवरच अंगी बाणली पाहिजे.

पदवीनंतर

तीन वर्षांच्या पदवीनंतर विक्री प्रतिनिधी, वितरक कंपनीतील सहायक, किरकोळ साखळी दुकानातील खरेदी विभाग, जाहिरात संस्था, ऑनलाइन विक्री, अन्नप्रक्रिया उद्योग अशा ठिकाणी सुरुवातीच्या जागा मिळतात. सुरुवात बहुधा फिरतीची असते आणि ठरावीक विक्रीचे उद्दिष्ट दिले जाते. याची कल्पना आधी असलेली बरी.

काही जागांसाठी केवळ पदवी पुरत नाही. सार्वजनिक बँकांतील विपणन अधिकारी पदासाठी विपणनातील दोन वर्षांची पदव्युत्तर पात्रता मागितली जाते. याउलट बँकांतील कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी कृषी व संलग्न विषयांतील चार वर्षांची पदवी चालते आणि त्या यादीत कृषी विपणन व सहकार तसेच कृषी व्यवसाय व्यवस्थापन यांचा समावेश आहे. पुढे एम.बी.ए. करू इच्छिणाऱ्यांना नागपुरातच २०१५ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था आहे. घरच्या व्यवसायात उतरणाऱ्यांसाठीही ही पदवी निरुपयोगी नाही. मालाला नाव देणे, वजन-मापे आणि अन्नसुरक्षेचे नियम पाळून पाकीट तयार करणे, उधारीवर मर्यादा घालणे या गोष्टी शिकून केल्या तर नुकसान टळते.

प्रवेशापूर्वी

प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थी व पालकांनी पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात. पदवीचे नेमके नाव काय आहे, कारण २०२४ नंतर राज्यातील काही महाविद्यालयांनी व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांची नावे बदलली आहेत. महाविद्यालयाची विद्यापीठाशी संलग्नता आणि आवश्यक तेथे तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे काय. विपणन हा मुख्य विषय म्हणून मिळतो की केवळ एक-दोन पेपरपुरता. कार्यप्रशिक्षण कोठे आणि किती आठवड्यांचे असते. ते विद्यार्थ्यानेच शोधायचे की महाविद्यालय मिळवून देते. शिकविणाऱ्यांपैकी किती जण पूर्णवेळ आहेत. एकूण शुल्क किती आणि शासनाच्या शिष्यवृत्ती योजना लागू होतात काय.

माध्यमाचाही विचार करावा. व्यवस्थापनाच्या पदव्या बहुतांशी इंग्रजीतून शिकविल्या जातात आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात बुजतो. पण कळमन्यात सौदा मराठी आणि हिंदीत होतो, अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो आणि ग्राहक कोणत्याही भाषेचा असू शकतो. विपणनाच्या विद्यार्थ्याला तिन्ही भाषा कामाच्या आहेत. मराठी येते ही त्याची उणीव नसून बाजारातील प्रवेशाची सोय आहे.

अखेरचा मुद्दा अंतराचा. नागपुरातील कोणत्याही महाविद्यालयातून कळमन्याचे आवार गाठायला फार वेळ लागत नाही. तीन वर्षांत महिन्याला एक सकाळ दिली, तरी सुमारे छत्तीस बाजारदिवस होतात आणि दोन्ही बहर किमान दोनदा पाहून होतात. पदवीच्या प्रमाणपत्रावर या सकाळींची नोंद होणार नाही. मुलाखतीत मात्र ‘भाव कसा ठरतो’ असा प्रश्न आला, तर उत्तर त्यांतूनच येईल.